आज्ञेकडून निमंत्रणाकडे : बेघर व जोखीमग्रस्त मुलांसाठी योगशिक्षक घडविण्याचा इतिहास

प्रस्तावना

योगाच्या आधुनिक इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने गुरू, ग्रंथ आणि आसने या तीन घटकांवर केंद्रित झालेले दिसते. ठरावीक तासांचे प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन व प्रमाणपत्र मिळवून वर्गासमोर उभा राहणारा 'योगशिक्षक' ही मात्र विसाव्या शतकाची निर्मिती आहे. हा शिक्षक कोणासाठी घडविला गेला, हे पाहिले म्हणजे त्याच्या प्रशिक्षणाचे स्वरूपही उलगडत जाते. शाळेतील विद्यार्थी, शहरातील नोकरदार, प्रौढशिक्षणाच्या संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या गृहिणी आणि पुढे शुल्क भरून येणारा ग्राहक, असे त्याचे विद्यार्थी टप्प्याटप्प्याने बदलत गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस या यादीत एका अनपेक्षित विद्यार्थ्याची भर पडली. रस्त्यावर, रात्रनिवाऱ्यात किंवा बालसुधारगृहात राहणारा मुलगा अथवा मुलगी हा तो विद्यार्थी होय.

या विद्यार्थ्यासमोर जुने प्रशिक्षण अपुरे पडले. कोणते आसन शिकवावे, हा प्रश्न त्यामानाने सोपा होता. शिक्षकाने कोणत्या अधिकाराने बोलावे, मुलाच्या शरीराला हात लावावा की नाही, मुलाने नकार दिल्यास काय करावे, हे प्रश्न अवघड होते. योगशिक्षकाच्या अधिकाराची ही फेरतपासणी हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. बेघर मुलांच्या वर्गात प्रथम बदलावे लागले ते शिक्षकाला, आणि या बदलाची दखल न घेता संस्थांतील मुलांसाठी योगवर्ग सुरू केल्यास ज्या सक्तीतून ही मुले आलेली असतात तिचीच पुनरावृत्ती होण्याचा धोका राहतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचनाचा मुख्य भर अमेरिकेतील घडामोडींवर आहे. तथापि या घडामोडींची काही मुळे लोणावळा व पुणे येथे असल्याने आरंभ तेथून करणे क्रमप्राप्त ठरते.

'जोखीमग्रस्त' या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ही संज्ञा मुलालाच धोकादायक ठरविण्याकडे झुकते. वस्तुतः जोखीम त्याच्या परिस्थितीत असते. दारिद्र्य, घरातील हिंसा, लैंगिक अत्याचार, पालकांचे व्यसन, संगोपन व्यवस्थेतून वय उलटल्यामुळे बाहेर पडणे, समलिंगी असल्यामुळे घराचे दार बंद होणे ही तिची काही रूपे होत. या लेखात ही संज्ञा याच अर्थाने वापरली आहे.

१. इलाख्यातील दोन प्रवाह

१९२४ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी जगन्नाथ गणेश गुणे अर्थात स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. तत्पूर्वी १९१८ साली श्रीयोगेंद्र यांनी मुंबईत वर्सोवा येथे योग संस्थेचा आरंभ केला होता. गुहेतील व मठातील साधना सर्वसामान्यांपर्यंत आणणे आणि तिला प्रयोगशाळेच्या कसोटीवर तपासणे, ही या दोन्ही प्रयत्नांमागील समान प्रेरणा होती. याच १९२४ साली मुंबई इलाख्यात मुंबई बालक अधिनियम संमत झाला. त्यानुसार निराधार, उपेक्षित व कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये व संस्था यांची चौकट उभी राहिली. १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडी येथील निरीक्षणगृह जुन्या तुरुंगाच्या वास्तूत सुरू झाले, ही बाब त्या काळच्या बालसंगोपनाच्या कल्पनेवर पुरेसा प्रकाश टाकते.

एकाच इलाख्यात, एकाच वर्षी उगम पावलेले हे दोन प्रवाह होते. एक शरीर व श्वास यांच्या शिक्षणाचा, तर दुसरा निराधार मुलांच्या ताब्याचा. दोहोंना जोडणारा समान धागा 'शिस्त' हा होता. कुवलयानंदांचा संबंध मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांशी आला. शाळांमधून योग शिकवायचा तर तो एका वेळी अनेकांना शिकविता आला पाहिजे, ही व्यावहारिक गरज होती. १९३० च्या दशकात पुढे आलेला 'यौगिक संघव्यायाम' हे या गरजेला दिलेले उत्तर होते. त्यात आसनांचे लहान टप्पे पाडून ती कवायतीप्रमाणे आज्ञेवर सामुदायिकपणे करून घेण्याची योजना होती. मराठी शाळेच्या पटांगणावर 'सावधान–विश्राम' ज्या स्वरात दिले जाई, त्याच स्वराने योगाने शाळेत प्रवेश केला.

या पद्धतीचे श्रेय नाकारता येत नाही. तिच्यामुळे योग हा मूठभर शिष्यांपुरता न राहता हजारो विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. १९५० च्या दशकाच्या आरंभी लोणावळ्यास गोरधनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू होऊन योगशिक्षकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाला महाविद्यालयीन रूप मिळाले. परंतु शिक्षक आज्ञा देणारा आणि विद्यार्थी ती पाळणारा, हे नाते या घडणीत गृहीत धरलेले होते, याचीही नोंद घेतली पाहिजे.

२. पुणे ते लंडन : अचूकतेची परंपरा

दुसरी महत्त्वाची परंपरा पुण्याची होय. म्हैसूर येथे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे शिकलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले आणि आयुष्यभर तेथेच राहिले. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांच्याशी झालेल्या भेटीने त्यांच्यासाठी युरोपचे दार उघडले. १९६६ साली 'लाइट ऑन योगा' प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू झाली व ती जगभरच्या योगशिक्षकांचे प्रशिक्षणकेंद्र बनली.

प्रशिक्षणाच्या इतिहासात १९६९ सालचा लंडनमधील निर्णय विशेष महत्त्वाचा आहे. तेथील शिक्षण प्राधिकरणाने आपल्या प्रौढशिक्षणाच्या वर्गांत अय्यंगार पद्धतीचा योग शिकविण्यास मान्यता दिली. शिक्षण आसने व प्राणायाम यांपुरते मर्यादित राहावे, तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात त्याने शिरू नये, अशी अट त्यास जोडलेली होती. सार्वजनिक पैशातून योग शिकवायचा तर प्रमाणित शिक्षक हवेत, आणि शिक्षक प्रमाणित करायचे तर अभ्यासक्रम व परीक्षा हव्यात. या साखळीतून पाश्चात्त्य देशांत योगशिक्षक हा व्यवसाय आकारास आला.

अय्यंगार पद्धतीत शिक्षकाची नजर व हात यांना मध्यवर्ती स्थान होते. पाऊल किती अंशात वळले आहे, गुडघ्याची वाटी वर ओढली आहे की नाही, हे शिक्षकाने पाहायचे आणि चूक दिसल्यास स्पर्शाने दुरुस्त करायची. पट्टे, दोर, लाकडी ठोकळे, खुर्ची यांच्या साहाय्याने वृद्ध व आजारी व्यक्तीलाही आसन साधता यावे, अशी सोय अय्यंगारांनी केली व ती योगविद्येला त्यांनी दिलेली मोठी देणगी ठरली. येथे शिक्षकाचा अधिकार ज्ञानातून येत होता आणि विद्यार्थ्याच्या विश्वासावर तो चालत होता. विद्यार्थी स्वेच्छेने आलेला आहे आणि शिक्षकाच्या स्पर्शाची त्याला भीती वाटत नाही, ही दोन गृहीतके त्यामागे होती. पुढे ज्या मुलांपर्यंत योग गेला, त्यांच्या बाबतीत ही दोन्ही गृहीतके लागू पडली नाहीत.

३. अमेरिकेतील बेघर मुलांचा प्रश्न

१९६७ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को शहरातील हाइट-ॲशबरी भागात देशभरातून हजारो तरुण गोळा झाले. त्यांत घर सोडून पळून आलेली अल्पवयीन मुले मोठ्या संख्येने होती. त्यांच्यासाठी त्याच वर्षी हकलबेरी हाउस हे निवारागृह उघडण्यात आले. अशा मुलांसाठीच्या आरंभीच्या अमेरिकन निवारागृहांत त्याची गणना होते. त्या काळी घरातून पळून जाणे हाच अनेक राज्यांत अल्पवयीनांचा अपराध मानला जाई व त्यासाठी मुलाला कोठडीत ठेवता येई. १९७३ मध्ये ह्यूस्टन येथे अनेक किशोरवयीन मुलांच्या हत्या उघडकीस आल्या. बेपत्ता मुले पळून गेली असावीत, असे त्यांच्यापैकी काहींबाबत पोलिसांनी गृहीत धरले होते. या प्रकरणाने लोकमत हादरले. १९७४ च्या बालन्यायविषयक संघीय कायद्यात पळून गेलेल्या मुलांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आणि केवळ पळून गेल्याबद्दल मुलांना कोंडून ठेवण्याच्या प्रथेला आळा घालण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. १९८० च्या दशकात बेघरपणा वाढत गेला व १९८७ मध्ये मॅकिनी अधिनियम संमत झाला.

निवारा, जेवण, समुपदेशन व शिक्षण या सेवा अशा रीतीने उभ्या राहिल्या. याच काळात मानसशास्त्रातही एक स्थित्यंतर घडत होते. १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात आघातोत्तर ताणविकाराला अधिकृत स्थान मिळाले. आरंभी ही संकल्पना प्रामुख्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात चर्चिली गेली. पुढे बालपणीच्या अत्याचारालाही ती लागू होते, हे स्पष्ट होत गेले. १९९८ मध्ये व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी सोसलेल्या अत्याचारांचे व घरातील विस्कळीतपणाचे प्रकार जितके अधिक, तितके प्रौढपणी गंभीर आजारांचे प्रमाण अधिक, असा संबंध त्यातून पुढे आला. आघात केवळ आठवणीत राहत नाही. श्वास, हृदयगती, झोप व स्नायूंचा ताण यांतही तो वस्तीस असतो, ही जाणीव यातून बळावली. बोलण्यावर आधारलेल्या उपचारांना प्रतिसाद न देणाऱ्या मुलांसाठी शरीराच्या मार्गाने काही करता येईल काय, असा विचार सुरू झाला व योगाकडे लक्ष गेले.

४. दोनशे तासांचा शिक्षक आणि रस्त्यावरचा विद्यार्थी

योगाच्या बाजूने पाहता १९९९ हे निर्णायक वर्ष ठरले. त्या वर्षी अमेरिकेत योगा अलायन्स ही संघटना स्थापन झाली आणि २०० व ५०० तासांच्या प्रशिक्षणाची मानके प्रचारात आली. २०० तासांचे प्रमाणपत्र हा व्यवसायाचा परवानाच जणू बनला. आसनतंत्र, शरीररचना, तत्त्वज्ञान व अध्यापनपद्धती हे विषय त्यात होते. व्यावसायिक योगकेंद्रातील ग्राहक हाच या अभ्यासक्रमासमोरचा विद्यार्थी होता.

त्याच सुमारास काही शिक्षक वेगळ्या दिशेने निघाले होते. न्यूयॉर्कमध्ये लिनिएज प्रोजेक्टने बालकोठड्यांतील मुलांना ध्यान व योग शिकविण्यास १९९० च्या दशकाच्या अखेरीस आरंभ केला. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात मार्क लिली यांनी २००२ मध्ये बेघर मुलांसाठी योगवर्ग सुरू केले व त्यातून 'स्ट्रीट योगा' ही संस्था उभी राहिली. ओकलंडमध्ये बिद्युत बोस यांनी २००५ साली निरोग इन्स्टिट्यूटची स्थापना करून शाळा व बालकोठड्यांसाठी आसन, श्वसन व ध्यान यांचा संक्षिप्त अभ्यासक्रम तयार केला. या संस्थांनी स्वतः वर्ग घेण्याबरोबरच इतर योगशिक्षकांना व समाजकार्यकर्त्यांना अशा मुलांबरोबर काम करण्याचे प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. लेखाच्या विषयाच्या दृष्टीने हीच खरी नवी घटना होय.

असे वेगळे प्रशिक्षण का लागावे, हे वर्गातील परिस्थितीवरून ध्यानात येते. रात्रनिवाऱ्यातील वर्गाला आज आलेली मुले उद्या येतीलच असे नसते. त्यामुळे क्रमाक्रमाने पुढे जाणारा अभ्यासक्रम तेथे टिकत नाही. प्रत्येक वर्ग स्वतःत पूर्ण असावा लागतो. बूट काढून पिशवी कोपऱ्यात ठेवण्याची साधी सूचनाही मुलाला संकटात टाकते, कारण ती पिशवी हेच त्याचे घर असते आणि बूट चोरीला गेले तर दुसरे नसतात. डोळे मिटून शवासनात पडण्यास सांगावे, तर रस्त्यावर सावध राहणे हीच जगण्याची अट असलेल्या मुलाला डोळे मिटणे धोक्याचे वाटते. कित्येक रात्री धड न झोपलेला दुसरा मुलगा मात्र पडताक्षणी झोपी जातो. अशा वेळी त्याला उठवावे की झोपू द्यावे, याचे उत्तर दोनशे तासांच्या अभ्यासक्रमात नसते.

५. आज्ञेची जागा निमंत्रण घेते

या अनुभवांना शास्त्रीय चौकट देण्याचे काम मॅसॅच्युसेट्समधील ट्रॉमा सेंटर येथे झाले. मानसोपचारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोक यांच्या या केंद्रात योगशिक्षक डेव्हिड इमर्सन यांनी २००३ च्या सुमारास आघात-संवेदी योगाची पद्धती विकसित करण्यास सुरुवात केली. इमर्सन व एलिझाबेथ हॉपर यांचे याविषयीचे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे या पद्धतीच्या शिक्षकांसाठी ३०० तासांचा स्वतंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रम तयार करण्यात आला.

या पद्धतीचे मर्म तिच्या भाषेत आहे. 'हात वर करा' असे शिक्षक म्हणत नाही. 'इच्छा असल्यास हात वर नेता येतील, किंवा जसे आहेत तसे ठेवता येतील' असे म्हणतो. आज्ञार्थाची जागा विकल्प घेतो. शिक्षक वर्गात फिरत नाही, कारण पाठीमागून येणाऱ्या पावलांची चाहूल अत्याचार सोसलेल्या मुलाला अस्वस्थ करते. तो आपल्या सतरंजीवर राहून मुलांबरोबर स्वतः आसन करतो. स्पर्शाने दुरुस्ती केली जात नाही. दार कोठे आहे हे सर्वांना दिसेल अशी बैठक असते, दिवे मालविले जात नाहीत आणि वर्गातून उठून जाण्याची मुभा प्रारंभीच स्पष्ट केली जाते. पट्ट्यांचा वापरही टाळला जातो, कारण बांधून ठेवल्याची वा माराची स्मृती त्याने जागी होऊ शकते. पुण्यात जे साधन आजारी शरीराला आधार देण्यासाठी वापरात आले, तेच येथे भीतीचे निमित्त ठरले. दोष साधनाचा नव्हता. विद्यार्थ्याचा पूर्वानुभव बदलला होता.

आसन 'बरोबर' आले की नाही हा प्रश्न या वर्गात गौण ठरतो. आपल्या शरीरात या क्षणी काय जाणवते हे ओळखणे आणि त्यानुसार स्वतः निर्णय घेणे, यास महत्त्व येते. ज्याच्या शरीराविषयीचे निर्णय नेहमी इतरांनीच घेतले, त्याला 'नको' म्हणण्याचा सराव देणे हाच येथे अभ्यासक्रम होय. साहजिकच शिक्षकाची परीक्षाही बदलते. मुलाच्या नकाराने स्वतःचा अपमान झाला असे न वाटणारा शिक्षक येथे पात्र ठरतो.

हा बदल बेघर मुलांच्या वर्गापुरताच मर्यादित राहिला नाही. मॅसॅच्युसेट्समधील कृपालू केंद्राचे संस्थापक अमृत देसाई यांना अनुयायी स्त्रियांशी असलेले संबंध उघड झाल्यानंतर १९९४ मध्ये पद सोडावे लागले होते. पुढील काळात इतरही नामांकित गुरूंविरुद्ध तक्रारी पुढे आल्या. परिणामी विद्यार्थ्याची संमती घेतल्याशिवाय स्पर्श करू नये, हा विचार सर्वसाधारण योगवर्गांतही रुजू लागला. समाजाच्या कडेला असलेल्या मुलांच्या वर्गात जी सावधगिरी अपरिहार्य होती, ती योगशिक्षणाच्या मध्यवर्ती प्रवाहालाही आवश्यक असल्याचे अशा रीतीने सिद्ध झाले.

येथे एक विसंगतीही नोंदवावी लागेल. सार्वजनिक क्षेत्रातील योगासंबंधी अमेरिकेत जे मोठे वाद झाले, ते धर्माच्या प्रश्नावर झाले. कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथील शाळांमधील योगवर्गांना पालकांनी आव्हान दिले. २०१३ मध्ये न्यायालयाने व २०१५ मध्ये अपील न्यायालयाने हे वर्ग धर्मप्रसार ठरत नाहीत असा निर्वाळा दिला. अलाबामा राज्याने शाळांत १९९३ पासून असलेली योगबंदी २०२१ मध्ये उठविली, तीही आसनांना इंग्रजी नावेच वापरावीत व 'नमस्ते' म्हणू नये या अटींवर. १९६९ च्या लंडनमधील अटीचाच हा पुढचा अवतार होय. आसनाचे नाव संस्कृत असावे की इंग्रजी, याची चर्चा झाली; ते आसन मुलाने नाकारले तर काय, हा प्रश्न या वादांच्या केंद्रस्थानी कधी आला नाही.

६. शिक्षक कोणातून यावा?

आणखी एक प्रश्न शिल्लक राहतो. बहुतेक शिक्षक सुस्थित वर्गातून आलेले, स्वयंसेवक म्हणून आठवड्यातून तासभर येणारे असत. ते येत व जात. मुलाच्या आयुष्यातून निघून गेलेल्या प्रौढांच्या यादीत आणखी एकाची भर पडे. या मर्यादेवर बाल्टिमोर येथील प्रयोगाने वेगळा मार्ग दाखविला. अली व आत्मन स्मिथ हे बंधू आणि आंद्रेस गोन्झालेस यांनी २००१ मध्ये होलिस्टिक लाइफ फाउंडेशनची स्थापना केली. शाळा सुटल्यानंतरच्या वर्गात सुमारे २० मुलांपासून त्यांनी सुरुवात केली. ती मुले मोठी झाल्यावर त्यांच्यातील काही जण त्याच संस्थेत शिक्षक म्हणून काम करू लागले. नैरोबी येथे २००७ मध्ये सुरू झालेल्या आफ्रिका योगा प्रोजेक्टनेही शहरातील गरीब वस्त्यांतील तरुण-तरुणींना योगशिक्षकाचे प्रशिक्षण देऊन त्यातून उपजीविकेचा मार्ग उपलब्ध करून दिला. विद्यार्थी ज्या वस्तीचा, त्याच वस्तीचा शिक्षक असला म्हणजे अधिकाराचा प्रश्न पुष्कळसा सौम्य होतो आणि शिक्षक टिकूनही राहतो, हा या प्रयोगांचा धडा आहे.

७. पुराव्याचे मोजमाप

या क्षेत्रातील दावे पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावतात, म्हणून तीन अभ्यासांचा उल्लेख आवश्यक ठरतो. बोस्टन येथील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीर्घकालीन आघातोत्तर ताणविकार असलेल्या ६४ स्त्रिया सहभागी होत्या. दहा आठवड्यांनंतर योगगटातील ३१ पैकी १६ स्त्रिया विकाराच्या निकषांतून बाहेर पडल्या. तुलनागटात हे प्रमाण २९ पैकी ६ होते. परिणाम लक्षणीय असला तरी या प्रौढ स्त्रिया होत्या, बेघर मुले नव्हेत. बाल्टिमोर येथील २०१० च्या अभ्यासात चार शाळांतील चौथी-पाचवीची ९७ मुले होती. १२ आठवड्यांनंतर त्यांच्यात मनात घोळत राहणारे विचार व भावनिक उद्दीपन यांसारखे तणावाचे प्रतिसाद कमी झालेले आढळले. ही मुले वंचित वस्तीतील असली तरी शाळेत जाणारी होती.

विषयाशी सर्वांत जवळचा अभ्यास भारतातील, बंगळूरू येथील आहे. शर्ली तेलेस व सहकाऱ्यांनी १९९७ साली तो प्रसिद्ध केला. बालगृहातील २० मुली व नियमित शाळेतील त्याच वयाच्या २० मुली यांची प्रथम तुलना करण्यात आली. बालगृहातील मुलींचा श्वास अधिक जलद व अनियमित आढळला. भय व चिंता यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. त्यानंतर बालगृहातील २८ मुलींच्या १४ जोड्या करून प्रत्येक जोडीतील एकीला योग व दुसरीला खेळ असा रोज एक तासाचा उपक्रम सहा महिने देण्यात आला. हृदयगती दोन्ही गटांत कमी झाली. श्वसनगती मात्र योगगटात घटली व श्वास अधिक नियमित झाला. या अभ्यासातील योगात विश्रांती व सजगता यांवर भर होता, हे महत्त्वाचे आहे. तसेच खेळानेही काही लाभ झाला, हे दृष्टिआड करता येणार नाही. योग हा एकमेव उपाय आहे असा निष्कर्ष यातून निघत नाही. मुलाच्या भीतीची नोंद त्याच्या श्वासात असते आणि सहा महिन्यांच्या नियमित, सौम्य सरावाने ती बदलू शकते, इतके मात्र निश्चितपणे म्हणता येते.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात

१९२४ मधील दोन प्रवाह आज कागदोपत्री एकत्र आलेले आहेत. बालन्याय अधिनियम २०१५ खालील केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श नियमांत बालसंगोपन संस्थांच्या दिनक्रमात व्यायाम, शिक्षण व खेळ यांबरोबर योगाचाही समावेश आहे. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होतो व त्यासाठीचा सामायिक योग अभ्यासक्रम सर्वत्र एकाच क्रमाने केला जातो. योगशिक्षकांच्या प्रमाणीकरणासाठी २०१८ पासून योग प्रमाणन मंडळ कार्यरत आहे. संघव्यायामाची परंपरा या सामुदायिक रूपात आजही जिवंत आहे आणि मैदानावर जमलेल्या हजारोंसाठी ती उपयुक्तही आहे.

निरीक्षणगृहातील मुलाची गोष्ट वेगळी आहे. पहाटे शिट्टी वाजल्यावर रांगेत उभे राहून केलेला योग त्याच्या दृष्टीने हजेरी, झडती व रांग यांच्याच मालिकेतील एक बाब ठरतो. त्याला नकाराचा अधिकार नसतो. शिक्षकाचा हात खांद्यावर पडताच तो का दचकला, हे शिक्षकास समजत नाही. समजले नाही म्हणून तो त्यास उद्धट समजतो. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम अस्तित्वात आल्यानंतर स्पर्शाचा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा राहिलेला नाही, याचेही भान ठेवले पाहिजे.

महाविद्यालयांचा या प्रश्नाशी थेट संबंध येतो. अनेक महाविद्यालयांत योगाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. समाजकार्य, मानसशास्त्र व शारीरिक शिक्षण हे विभाग बहुधा एकमेकांपासून अलिप्त राहून काम करतात. संस्थांतील मुलांसाठी योगशिक्षक घडवायचा तर या तिन्ही विषयांची सांगड घालावी लागेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) आधुनिक योगशिक्षकाची घडण लोणावळा व पुणे येथील परंपरांतून झाली. सामुदायिक आज्ञा आणि अचूक दुरुस्ती ही या परंपरांची बलस्थाने होती व ती त्या त्या काळाच्या गरजेतून आली होती.

२) बेघर व जोखीमग्रस्त मुलांबरोबरच्या कामात ही बलस्थानेच अडचणीची ठरली. त्यामुळे प्रशिक्षणाचा केंद्रबिंदू आसनाकडून शिक्षकाच्या भाषेकडे, हाताकडे व संयमाकडे सरकला.

३) उपलब्ध पुरावा आशादायक असला तरी मर्यादित आहे. योग हा निवारा, अन्न, शिक्षण व कायदेशीर संरक्षण यांना पर्याय होऊ शकत नाही.

४) शक्य तेथे शिक्षक त्याच मुलांमधून व वस्त्यांमधून घडविणे अधिक टिकाऊ ठरते.

५) महाराष्ट्रातील बालगृहांत व निरीक्षणगृहांत योग शिकविणाऱ्यांसाठी आघात, संमती व बालसंरक्षण कायदा यांचा समावेश असलेले स्वतंत्र प्रशिक्षण असणे आवश्यक आहे.

पातंजल योगसूत्रांत अहिंसा हा यमांमधील पहिला यम आहे आणि आसनाचे लक्षण स्थिरता व सुख या दोन शब्दांत सांगितले आहे. या दृष्टीने पाहता अमेरिकेतील रात्रनिवाऱ्यांत शिक्षकांनी जे नव्याने शोधले, ते योगाला परके नव्हते. ज्या मुलाला स्थिर छप्पर नाही व सुखाची खात्री नाही, त्याला आज्ञा देऊन आसनात बसविता येते. त्या आसनात स्थिरता व सुख मात्र आज्ञेने आणता येत नाही. म्हणून अशा मुलासमोर उभे राहण्यापूर्वी शिक्षकाला प्रथम आपला आवाज व आपला हात आवरण्याचा अभ्यास करावा लागतो.